यशोदेचा पाट

घुमटवाडीत यशोदेच्या वाटेला सहसा कुणी जात नाही. तिच्या मळ्याच्या कडेने जाणारी माणसं उगाच खोकून जातात, म्हणजे आपण काही चोरायला आलेलो नाही हे तिला कळावं. गेल्या साली एका रिक्षावाल्याने तिच्या गडग्याला रिक्षा घासली. तिने त्याला खाली उतरवलं, पडलेले सात दगड त्याच्याकडून पुन्हा रचून घेतले, आणि सातवा नीट बसला नाही म्हणून तो अर्ध्या वाटेवर पोचला असताना परत बोलावलं. तो आलाही. वय अठ्ठावन्न, अंगाने काडी, पण तोंड असं की समोरच्याने पळ काढावा. सकाळच्या एसटीने ती तांबड्या माठाच्या आणि मुळ्याच्या जुड्या घेऊन मालवणच्या बाजारात बसते. भाजी चिवडून ती न घेताच पुढे जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ती जे ऐकवते, ते ऐकायला शेजारची मासेवाली हातातली कोयती थांबवते.

या बाईला पाहून कुणाला वाटेल की हिला भांडायची हौस आहे. तसं नाही. हौस असायला वेळ लागतो, आणि यशोदेला वेळ कधी नव्हता. तिच्याकडे होता एक मळा, आणि त्या मळ्याला पाणी आणणारा एक पाट.

गावाच्या मागे सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, आहे. त्याच्या पायथ्याशी एक झरा दिवाळीपासून एप्रिल सरेपर्यंत वाहतो. झऱ्याखालचा उतार थोरल्या भावाचा, म्हणजे भाईचा, आणि उताराच्या तळाचा मळा धाकट्या शंकरचा, अशी वाटणी बापाच्या हयातीतच झालेली. शंकर हा यशोदेचा नवरा. फार कमी बोलायचा. खरं म्हणजे बायको बोलत असताना त्याला वावच नसायचा. लग्न झाल्यावर दुसऱ्या वर्षी भात कापून घरात आलं आणि तो खांद्यावर पहार टाकून उतारावर गेला. असे चार हिवाळे गेला. भाईच्या जमिनीतून, भाईच्या देखत, कातळ फोडत त्याने दोनशे दहा पावलांचा पाट खाली मळ्यापर्यंत आणला. तेव्हा भाई गडग्यावर बसून विडी ओढत म्हणाला होता, ‘‘खण रे तू. पाणी काय माझ्या घरात जिन्यान चढाचा नाय.’’ दोघा भावांत त्यावरून कधी शब्द झाला नाही. कागद तर कुणाच्या डोक्यातही आला नाही.

शंकर गेला त्याला अकरा वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. वर्षश्राद्ध आटोपल्यावर भाईने गोष्ट काढली, की मळा माझ्याकडे दे, तुझं दोन वेळचं मी बघतो. यशोदेने त्याला जे सुनावलं ते वाडीने आपापल्या पडवीत बसून ऐकलं. भाई गावचा मानकरी; देवळात गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं तो घालणार, नारळ त्याच्या हाताने फुटणार. भावजयीने भरल्या वाडीत उतरवलेलं तोंड तो देवळाच्या ओट्यावर घेऊन गेला आणि तिथे चारचौघांत म्हणाला, ‘‘पाटाचो हिका लय सोस. आता हिका दुसरो पाटच लावून देवक होयो.’’

पाट म्हणजे पाण्याचा, आणि पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्नही. ओट्यावरचे सगळे हसले. तेव्हापासून ‘यशोदेचो पाट’ हा वाडीतल्या पुरुषांचा कायमचा विनोद झाला. यशोदेने दुसऱ्या दिवशी टोपलीभर ओलं शेण नेऊन भाईच्या उंबऱ्यावर पालथं केलं, त्याच्याकडे पाहुणे बसलेले असताना. ‘‘घेवा, सारवा तुमचा तोंड,’’ म्हणाली. भांडतानाही ती त्याला ‘तुमी’च म्हणायची, थोरला दीर तो थोरला दीर. त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. पाणी मात्र वाहत राहिलं, कारण पाण्याला या कशाशी देणंघेणं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी भाईने तो उतार विकला. घेणारा विश्वेश पुण्याचा. संगणकाच्या नोकरीत पंचवीस वर्षं काढून कंटाळलेला. त्याला इथे येऊन राहायचं होतं, आणि निसर्गाला ओरखडा न काढता राहायचं होतं. घराचा आराखडा काढायला त्याने ऋताला गाठलं. ऋता कुडाळची, शिकली पुण्यात, आणि परत येऊन कुडाळातच स्वतःचं ऑफिस थाटून बसलेली.

तिने काढलेलं घर चांगलं होतं, हे कबूल केलं पाहिजे. जांभ्याचे चिरे, मातीचा गिलावा, पाडलेल्या घरांची जुनी कौलं. पश्चिमेच्या पावसाची झड भिंतीला लागू नये म्हणून खाली झुकलेली लांब पडवी. एसी नाही, आणि घरातून निघणारं सांडपाणी केळींना. आंब्याची दोन झाडं मधे येत होती, तर तिने स्वयंपाकघर वाकवलं पण झाड पाडू दिलं नाही. आणि या सगळ्याच्या वरच्या अंगाला एक तळं. झऱ्याचं पाणी त्यात येणार, तिथून गाळून घरात, उरलेलं बागेत. थेंब बाहेर जाणार नाही. विश्वेशला सगळ्यात आवडलं ते हेच, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो तळं आधी दाखवायचा.

आता हे तळं पाटाच्या तोंडावर आलं कसं? ऋता जमीन मोजायला आली ती मेच्या शेवटी. पाट कोरडा, काजूच्या पानांनी भरलेला, त्यातून दोन गाई चाललेल्या. तिने मोजणीच्या गड्यांना विचारलं, ‘‘ह्या काय आसा?’’

गडी एकमेकांकडे बघून फिसकन हसले. एक जण म्हणाला, ‘‘तो यशोदेचो पाट.’’

पुण्यातली मुलगी असती तर तिने बावळटासारखं विचारलं असतं, पाट म्हणजे काय हो? आणि सगळं तिथल्या तिथे निस्तरलं असतं. पण ऋताला हा शब्द दोन्ही अर्थांनी ठाऊक. गडी हसले म्हणून तिने त्यातला नको तो अर्थ घेतला. एका विधवा बाईवरची चावट कोटी आपण ऐकून घ्यायची नाही, असं ठरवून तिने मान फिरवली आणि जाऊन भाईला विचारलं. भाईने विकताना लिहून दिलं होतं की या जमिनीवर दुसऱ्या कुणाचा कसलाही हक्क नाही. तो म्हणाला, ‘‘गुरांची वाट ती.’’ नकाशावर तसंच लिहिलं गेलं.

तळं बांधून झालं यंदाच्या जानेवारीत, आणि महिनाअखेरीला झरा त्यात वळवला. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात यशोदा सकाळी मळ्यात गेली, तर पाटाच्या शेवटाला नुसता ओला चिखल. दोन दिवसांनी तोही वाळला. तिसऱ्या दिवशी ती कमरेला कोयता तसाच ठेवून वर चढली. तळं भरलेलं होतं, त्यावर कमळाचे कंद लावायचं काम चाललं होतं, आणि विश्वेश काठावर उभा राहून त्याचे फोटो काढत होता.

‘‘माझा पाणी खंय आसा?’’ यशोदेने विचारलं.

विश्वेश माणूस सभ्य. त्याने तिला बसायला खुर्ची आणवली. ती बसली नाही. मग त्याने तिला समजावलं. ‘‘मावशी, आपल्या घरात पाण्याचा एक थेंबही वाया जात नाही.’’

‘‘तो आधी वाया खंय जात होतो? माझ्या मुळ्याक जात होतो.’’

ऋता आतून नकाशा घेऊन आली. तिने उघडून दाखवलं, इथे पाण्याची काही खूण नाही, ही गुरांची वाट आहे. यशोदेने नकाशाकडे बघितलंसुद्धा नाही. तिने ऋताचं मनगट धरलं आणि तिला ओढत तळ्याच्या खालच्या अंगाला नेलं, पायाने पानं बाजूला केली.

‘‘गुरा कातळ फोडून वाट करतत काय गो? पाट आसा हो. माझ्या घोवान खणलेलो. आख्ख्या वाडीक म्हायत आसा. इचार, यशोदेचो पाट खंय आसा म्हणान.’’

ऋताचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. आपण काय ऐकलं होतं आणि काय समजलो होतो, हे तिच्या त्या क्षणी लक्षात आलं. पण तिथे विश्वेश उभा, दहा गडी उभे, तळं बांधून तयार. माणूस अशा वेळी खरं बोलतोच असं नाही. ती म्हणाली, ‘‘काकी, माझ्याकडे जमीनमालकाचं लेखी आहे. तुमचं काही असेल तर ते कागदावर आणा.’’ मालवणी सोडून ती शुद्ध मराठीत शिरली, तेव्हाच यशोदेने ओळखलं की ही आता आपल्याला दाद देणार नाही.

मग कागदाच्या मागे लागणं आलं. तलाठी जागा बघायला आला, पाच पंच घेऊन. त्याने भाईला विचारलं. आठ पावलांवर यशोदा उभी, आणि भाई तिच्याकडे न बघता म्हणाला, ‘‘पाटबीट काय एक नव्हतो. गुरांची वाट.’’

पाण्याचं दुःख वेगळं. पण हे यशोदेला त्याहून लागलं. चार हिवाळे तिने उतारावर भाकरी नेऊन पोचवली होती. शंकरच्या तळहाताला फोड यायचे, ते फुटायचे, त्यावर ती खोबरेल लावायची. तो पाट नव्हताच म्हणजे ते हात नव्हतेच, आणि हे सांगणारा त्याचा सख्खा भाऊ. पंचांनी सह्या केल्या. त्यांतले तिघे ओट्यावर हसलेले होते.

ती एसटीने जिल्ह्याच्या गावी, ओरोसला गेली. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत, तिथून पुन्हा पहिलीत. वहिवाटीची नोंद नाही, असं तिला तीन टेबलांवर सांगण्यात आलं. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘‘बाये, कसलो अर्ज?’’ ती म्हणाली, ‘‘पाटाचो.’’ म्हातारा तिच्या कपाळाकडे बघून गालात हसला. यशोदेने त्याला तिथेच असा काही झाडला की शिपाई धावत आला. त्या दिवशी तिचा अर्ज कुणी घेतला नाही.

मुळा आधी गेला, मग चवळी. माठ जगवायला ती गावविहिरीवरून कळशा आणायची; सकाळी वीस, संध्याकाळी वीस. वर तळ्यात कमळं रुजली. भेटेल त्याला ती सांगायची, हे घर निसर्गाचं नाव घेतं आणि माझ्या ताटातलं खातं. ऐकणारा मान हलवायचा आणि वाटेला लागायचा.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात घराची वास्तुशांत निघाली. भटजींचे विधी सकाळी झाले. पण दाराची चौकट बसवली तरी तिच्यात दार बसवायचं ते गाऱ्हाणं झाल्यावरच, ही वाडीची रीत. गाऱ्हाण्याला घरटी एक माणूस उभं राहतं, कितीही वैर असलं तरी. यशोदाही आली. इस्त्रीचं लुगडं नेसून आली आणि बायकांच्या मागे जाऊन उभी राहिली. लोकांना वाटलं, चला, हिचं पाणी उतरलं.

भाई पुढे झाला. केळीच्या पानावर विडा, हातात नारळ. त्याने डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं.

‘‘बा देवा म्हाराजा, ह्या गावाच्या, ह्या सड्याच्या, बारा वहिवाटीच्या धन्या म्हाराजा…’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ सगळे म्हणाले.

‘‘आज ह्या तुझा लेकरू पुण्यासून इला, तुझ्या कातळार घर बांधल्यान. तेका सुखात ठेव म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘ह्या घराक पाण्याची ददात पडूक दी नको. जो कोण ह्या पाण्यार वाकडी नजर ठेवीत, तेची नजर तेच्यारच उलटी कर म्हाराजा.’’

‘‘नाय म्हाराजा.’’

बायकांच्या मागून आलेला तो आवाज फार मोठा नव्हता. पण ‘नाय म्हाराजा’ हे शब्द घुमटवाडीत कुणी कधी ऐकलेलेच नव्हते. देवापुढे होय म्हणायची रीत आहे. नाही म्हणता येतं हेच कुणाला सुचलं नव्हतं. भाईचे डोळे उघडले. पुढे म्हणायचं वाक्य त्याच्या तोंडातच राहिलं.

विश्वेश गोंधळला. ‘‘एक मावशी नाही म्हणाल्या, तर काय बिघडलं? बाकी सगळे आहेत ना?’’

‘‘असा चलाचा नाय, साहेब,’’ गुरुदास सुतार म्हणाला. त्याने हातातली हातोडी खाली ठेवली. ‘‘आडगाऱ्हाण्यार, मधी कोणी नाय म्हटल्यार, नारळ फुटना नाय. मी दार लावचंय नाय.’’ चिरे बसवणारे गवंडीही पडवीतून खाली उतरले.

यशोदा बायकांतून वाट काढत पुढे आली. भाईशी ती दहा वर्षांनी बोलत होती, आणि तेही त्याच्याकडे बोट करून. ‘‘बारा वहिवाटीच्या धन्याक हाक मारतास, नि माझी एक वहिवाट बुजवतास. तलाठ्याक खोटा सांगलास ता सांगलास. आता ह्या देवाकय सांगा. नारळ हातात आसा. सांगा, पाट नव्हतो.’’

भाईने नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

बोलली ती ऋता. ती कुडाळची, नारळ हातात घेऊन थांबलेलं गाऱ्हाणं काय असतं ते तिला कुणी सांगायला नको होतं. ‘‘माका पैल्याच दिवशी सांगलेला, यशोदेचो पाट म्हणान. हसत सांगल्यानी. मी काय भलताच समाजलंय नि पुढे इचारूक नाय. मगे कळला तरी गप रवलंय. तळ्याचा तोंड मी बदलतंय, पाणी आधी खाली जायत, उरात ता घराक. पण भाईंच्या तोंडासून येवक होया. नायतर उद्या दुसरो कोण तरी बुजवतलो.’’ मग ती विश्वेशकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाली, की आराखडा चुकला आहे आणि तो माझ्याकडून चुकला आहे. विश्वेशने तळ्यातल्या कमळांकडे बघितलं. मग त्याने होकाराची मान हलवली. मनापासून हलवली असं म्हणवत नाही.

मोजणीच्या वेळी हसलेले गडी मातीत पायाने रेघा ओढत होते. ऊन चढलं. नारळ हातातून खाली ठेवता येत नव्हता आणि फोडताही येत नव्हता. भाई निघून जाऊ शकला असता. पण मग उद्यापासून देवळात गाऱ्हाणं कुणी घालायचं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला कळत नव्हतं. त्याने पुन्हा डोळे मिटले. आवाज आता खणखणीत नव्हता.

‘‘बा देवा म्हाराजा… ह्या झरीसून खाली मळ्यात यशोदेचो पाट जाता.’’

कुणी हसलं नाही. ‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘तो माझ्या भावान खणलेलो. शंकरान. चार हिवाळे कातळ फोडल्यान. मी गडग्यार बसान बघीत होतंय.’’

‘‘व्हय म्हाराजा.’’

‘‘मी तो नव्हतो म्हणान सांगलंय. खोटा सांगलंय. ता पोटात घाल. नि तो पाट वाहता तसो वाहत रवांदे म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ सगळे म्हणाले, आणि सगळ्यांच्या माना यशोदेकडे वळल्या.

तिचा आवाज आला नाही. तिने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. लोकांना वाटलं ही पुन्हा नाही म्हणणार. गुरुदासने कपाळावरचा घाम पुसला. भाईने डोळे किलकिले केले आणि देवाला नव्हे, तिला, खालच्या आवाजात म्हटलं, ‘‘यशोदे, म्हण गो.’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ यशोदा म्हणाली.

नारळ फुटला. ती जेवायला थांबली नाही. ऋता मागून धावत आली, ‘‘काकी, दोन घास तरी खावन जावा.’’ यशोदा न थांबता म्हणाली, ‘‘तुझ्या दोन घासांनी माझी चवळी जिती होवची नाय. कुदळ धाड माणसांबरोबर, तळा फोडूक.’’

ती पाटाच्या कडेकडेने खाली उतरली. तो काजूच्या पानांनी भरला होता. ती खाली बसून दोन्ही हातांनी पानं काढू लागली. तळाच्या कातळावर पहारेचे घाव होते, जवळजवळ, एकसारखे तिरके. शंकर डावरा होता. तिने त्यावरून हात फिरवला आणि मग ती रडली, मोठ्याने, तोंड उघडं टाकून. शंकर गेला तेव्हा ती अशी रडली नव्हती. तेव्हा लगेच भांडायला लागलं होतं, आणि भांडणातून तिला सवड मिळाली नव्हती.

बऱ्याच वेळाने तिने पदराने नाक पुसलं आणि पुढची पानं काढायला घेतली. वरून कुदळीचे आवाज यायला लागले होते, आणि पाणी पोचायच्या आत पाट मोकळा व्हायला हवा होता.